केबल कारची रांग आणि मिलानची ट्राम
सॅन फ्रान्सिस्कोला आलेला प्रत्येक पाहुणा पहिल्याच दिवशी म्हणतो, ती डोंगरावर चढणारी ट्राम दाखव ना. अहो ती ट्राम नाही, केबल कार. रस्त्याच्या पोटात एक जाड पोलादी दोर सतत फिरत असतो, ताशी साधारण 15 किलोमीटरने, गाडीतल्या ग्रिपमनने तो पकडीत धरला की गाडी चालली, सोडला की ब्रेक मारून उभी. 1873 पासून हेच चाललंय. खरी ट्राम म्हणजे एफ लाईन, आणि मी आता सगळ्यांना आधी तीच सांगते.

कारण गेल्या जुलैत आई-बाबांना घेऊन पॉवेल आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर दीड तास केबल कारच्या रांगेत उभी होते. जुलै म्हणून आई कॉटनच्या साडीत, आणि इथला जुलै म्हणजे धुकं नि बोचरा वारा, त्यामुळे माझं जॅकेट तिच्या अंगावर आणि मी कुडकुडतेय. तर जॅकेट प्रत्येकाचं वेगळं घ्या, कुठलाही महिना असो.

बसल्यावर मात्र मजा आली, खोटं कशाला बोलू. पॉवेल-हाईड लाईनला उजव्या बाजूला बसा, पुढे समुद्र दिसतो. उतारावर जळक्या लाकडाचा वास आला तर घाबरू नका (बाबा घाबरले होते), रुळावर दाबायचे ब्रेक चक्क लाकडाच्या ठोकळ्यांचे असतात, ते घासून घासून सारखे बदलावे लागतात. रांग नको असेल तर कॅलिफोर्निया स्ट्रीटची लाईन घ्या, तिला गर्दी बरीच कमी. आणि मेसन स्ट्रीटवरचं केबल कार म्युझियम फुकट आहे, तिथे ते दोर ओढणारी अवाढव्य चाकं फिरताना दिसतात, आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नाही.

आता पैशाचं. केबल कारची एक फेरी आठ डॉलरच्या घरात, उतरलात की संपलं. एफ लाईनला साधं बसचं भाडं, क्लिपर कार्डावर (इथलं प्रवासाचं कार्ड) दोन तास चढा-उतरा. केबल कारमधून खूपदा फिरायचं असेल तरच पासाचा हिशोब जुळतो. एफ लाईनमध्ये बसायला जागा हवी तर कॅस्ट्रोला, म्हणजे सुरुवातीलाच चढा, फेरी बिल्डिंगपाशी (बोटींच्या धक्क्यावरची इमारत) दुपारी चढलात तर फिशरमन्स वॉर्फपर्यंत लोंबकळत जाल.

एफ लाईनवर कुठली गाडी येईल ते नशीब. बऱ्याचशा 1940 च्या दशकातल्या, वेगवेगळ्या अमेरिकन शहरांच्या रंगात रंगवलेल्या. आमच्या नशिबी मिलानची आली, 1928 ची, आत इटालियन पाट्या आणि गुळगुळीत झालेली लाकडी बाकं. बाबा बाकावर हात फिरवत बसले, बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, अण्णांबरोबर दादरहून बोरीबंदरला जायचो तेव्हा असंच लाकूड होतं. 31 मार्च 1964 ला मुंबईची शेवटची ट्राम गेली तेव्हा ते आठ वर्षांचे. गंमत बघा, त्याच 1964 मध्ये इथल्या केबल कारला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. आपल्याकडे दादर टीटी, म्हणजे ट्राम टर्मिनस, या नावातला पहिला टी तेवढा उरलाय.

फेरी बिल्डिंग आली, आई उठली, बाबा जागचे हलेनात. शेवटपर्यंत जाऊ म्हणाले. वॉर्फला उतरलो तर घड्याळ बघून विचारतात, "दोन तासांत बसतंय ना गं, परत जाऊ याच गाडीने?"