तुम्ही विचारलंत म्हणून: दिल्लीतल्या रिकाम्या खुर्चीचं शिरोलीच्या फाउंड्रीला काय?

"काय ओ, तुम्ही ओतकाम करणारी माणसं. सरकारी कंपनीचा साहेब कोण झाला हे कशाला वाचत बसता?" चहाच्या गाड्यावर, उद्योजकांच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे मला विचारून झालंय. उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

वडिलांनी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका गाळ्यात सुरू केलेली आमची फाउंड्री पुढं शिरोली एमआयडीसीत आली. काही वर्षांपूर्वी केंद्र सरकारच्या मालकीच्या एका कारखान्याकडून गिअरबॉक्स हाउसिंगची, म्हणजे गिअर बसवायच्या लोखंडी पेटीची, ऑर्डर मिळाली. एकेक नग 240 किलोचा. पॅटर्न, म्हणजे साचा काढायचा नमुना, झाला, सॅम्पल पास झालं, पहिले 36 नग ओतून तयार झाले. त्यानंतर त्यांच्याच ड्रॉइंगमधली चूक निघाली, एका बाजूची जाडी कमी धरली होती. चूक त्यांनी मान्य केली, पण तोंडी. आहे तो माल मशिनिंगमध्ये सांभाळून घ्यायचा आणि पुढच्या नगांचा वाढीव वजनाप्रमाणे दर धरायचा, एवढ्या कागदावर एक सही हवी होती. ती सात महिने झाली नाही. व्यवस्थापकीय संचालक निवृत्त झाले होते, नवे आले नव्हते, आणि दुसऱ्या ठिकाणच्या साहेबांकडं 'अतिरिक्त कार्यभार' होता. ते महिन्यातून दोन दिवस यायचे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमचे जुने मोल्डर, वाळूचे साचे करणारे मामा यार्डात उभे राहून म्हणाले, "मालक, ह्यास्नी रेड ऑक्साइड मारून ठेवूया का? पाऊस लागला की गंज चढंल." मारला. दोन हात मारले, वर ताडपत्री बांधली. तरी ऑगस्टात ताडपत्री उचलली तेव्हा कडांना भाकरीच्या पापुद्र्यासारखा गंज सुटत होता. साडेआठ टनांवर लोखंड, त्यात गेलेली वीज, वाळू, आतल्या पोकळीसाठीचे कोअर, आठ माणसांची मजुरी, सगळं त्या ताडपत्रीखाली. वीजबिलाला अतिरिक्त कार्यभार नसतो, ते तारखेला येतं. लहान उद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेत असा 2006 चा कायदा आहे आणि चांगला आहे. पण ते दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. आमचा माल अजून आमच्याच दारात होता.

शेवटी मी तिकडं गेलो. खरेदी विभागातल्या अधिकाऱ्यांनी पाणी दिलं, चहा दिला आणि अगदी मनापासून सांगितलं, "सही केली तर पाच वर्षांनी मला विचारतील का केली म्हणून. नाही केली तर कोणीच विचारणार नाही." मला त्या माणसाचा राग आला नाही. तो खोटं बोलत नव्हता.

देखरेख कमी आहे का? मुळीच नाही. ज्या कंपनीत सरकारचा वाटा 51 टक्के किंवा जास्त, तिचा लेखापरीक्षक कॅग, म्हणजे देशाचा महालेखापरीक्षक, नेमतो, आणि झालेलं ऑडिट पुन्हा तपासण्याचा अधिकारही त्यालाच आहे. संसदेची सार्वजनिक उपक्रम समिती 1964 पासून आहे, तिच्यात 22 खासदार. वर भ्रष्टाचारावर नजर ठेवणारा दक्षता आयोग, संबंधित मंत्रालय, शिवाय अर्थ मंत्रालयाखालचा सार्वजनिक उपक्रम विभाग. पैसा जनतेचा आहे, तपासलाच पाहिजे. पण ही सगळी मंडळी केलेल्या सहीचा हिशोब मागतात, न केलेल्या सहीचा मागताना मी तरी कोणाला पाहिलं नाही. आमच्या 36 नगांवर चढलेला गंज कुठल्या ऑडिटच्या परिच्छेदात येणार?

आता नेमणुकीकडं येतो. सार्वजनिक उपक्रम निवड मंडळ 1974 साली स्थापन झालं, ते मंत्र्यांच्या मर्जीपेक्षा गुणवत्तेवर साहेब निवडले जावेत म्हणून. मंडळ जाहिरात काढतं, मुलाखती घेतं, एक नाव सुचवतं. त्यावर दक्षतेचा अभिप्राय घेतला जातो, मंत्रालयातून फाइल फिरते आणि मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती शिक्कामोर्तब करते. पद्धत वाईट नाही. आपल्याकडं महामंडळाच्या अध्यक्षपदावर नाराज पुढाऱ्याची 'सोय लावतात', त्यापेक्षा तर कितीतरी बरी. माझं दुखणं एकच आहे. साहेब कधी निवृत्त होणार ही तारीख ते रुजू होतात त्या दिवशीच सगळ्यांना माहीत असते. मग त्या तारखेला खुर्ची रिकामी राहतेच कशी?

हे लहान कारखान्यांतच होतं असं समजू नका. ओएनजीसीसारख्या मोठ्या सरकारी तेल कंपनीचे अध्यक्ष 31 मार्च 2021 ला निवृत्त झाले. निवड मंडळाला मुलाखतींतून एकही नाव पसंत पडलं नाही, शोध समिती नेमावी लागली, आणि पूर्णवेळ अध्यक्ष आले ते डिसेंबर 2022 मध्ये. मधले वीस महिने एकामागून एक तीन जण प्रभारी होते. शेअर बाजारात नोंद असलेल्या अनेक सरकारी कंपन्यांना स्वतंत्र, म्हणजे कंपनीत हितसंबंध नसलेले, संचालक पुरेसे नाहीत म्हणून दंड होतो, आणि त्या लेखी कळवतात की नेमणूक आमच्या हातात नाही, सरकारच्या हातात आहे. दंड कंपनीच्या तिजोरीतून जातो. ज्याच्या टेबलावर फाइल पडून होती त्याला त्याची झळ नाही.

योग्य माणूस बसला की काय होतं हेही याच देशानं पाहिलंय. व्ही. कृष्णमूर्तींनी आधी भेल ही वीजयंत्रं बनवणारी सरकारी कंपनी सांभाळली. 1981 मध्ये तेव्हा सरकारी असलेली मारुती त्यांच्याकडं आली, आणि डिसेंबर 1983 मध्ये पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हातात होती. त्याच मारुतीत 1997 साली व्यवस्थापकीय संचालक कोण यावरून सरकार आणि तिची जपानी भागीदार सुझुकी यांच्यात कोर्टकचेरी झाली, पुढच्या वर्षी तडजोडीनं मिटली.

घड्याळांचं उदाहरण तर मला फार बोलकं वाटतं. माझ्या वडिलांच्या मनगटावर एचएमटी होतं, आणि गाळ्यात एचएमटीचा लेथ, जो आजही आमच्याकडं दोन शिफ्ट चालतो. एचएमटी ही सरकारी कंपनी 1953 ची, घड्याळं 1961 पासून. 2016 मध्ये घड्याळाची कंपनी बंद करायचा निर्णय झाला. आता टायटन बघा. 1984 साली टाटांच्या जोडीनं ती काढली तमिळनाडू सरकारच्या महामंडळानं, आणि आजही त्या महामंडळाचा वाटा पाव हिश्श्याहून जास्त आहे. म्हणजे सरकार तिथंही आहे, संचालक मंडळावर आहे. पण कंपनी चालवायचं काम टाटांकडं राहिलं, आणि सुरुवातीपासून 2019 पर्यंत व्यवस्थापकीय संचालक झाले दोनच. एचएमटीची घड्याळं बंद पडण्याला कारणं पुष्कळ होती, सगळी एका खुर्चीवर ढकलणार नाही. तरी सरकारचा पैसा असला की कारखाना बुडणारच, हे मी का मानत नाही ते यावरून कळावं.

सरकारी कारखाने विकून मोकळे व्हा म्हणणाऱ्यांतला मी नाही. दर हीटची, म्हणजे भट्टीच्या एकेका घाण्याची, नोंद कशी ठेवायची, धातू तपासायचा टेस्ट बार कुठं जपून ठेवायचा, हे आम्हाला सरकारी कारखान्याच्या इन्स्पेक्टरांनी शिकवलं. वडील त्यांना मास्तर म्हणायचे. शाहू महाराजांनी 1906 मध्ये सुरू केलेली मिल पुढं राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेली आणि 2003 मध्ये बंद झाली. त्या भिंतीकडेनं जाताना माझा पाय अजून रेंगाळतो. कारखाना लोकांचा असला की तो गेल्याचं दुःखही लोकांना होतं. म्हणून मागणी एवढीच: निवृत्तीच्या आत नवं नाव ठरलं पाहिजे, आणि ठरलं नाही तर का नाही याचं उत्तर मंत्रालयानं त्या 22 खासदारांच्या समितीपुढं लेखी दिलं पाहिजे.

आमच्या मालाचं पुढं काय झालं तेही लोक विचारतात. नवे साहेब आले आणि अकराव्या दिवशी सही झाली. 31 नग शॉट ब्लास्ट करून, म्हणजे छर्‍यांच्या मार्‍यानं गंज काढून, पुन्हा रंगवून गेले. पाच नग गंजानं मापात बसेनात, ते मोडून परत भट्टीत टाकले. मामांनी स्वतःच्या हातानं टाकले, कोणाला मदतीला येऊ दिलं नाही.

ते नवे साहेब पुढच्या मार्चअखेर निवृत्त होतायत. त्यांच्या जागेची जाहिरात निघाली का, ते मी दर सोमवारी सकाळी भट्टी पेटवायच्या आधी बघतो. अजून निघालेली नाही.