ट्रेड ट्री, नोंद पाचवी: महोम्सची किंमत लमारपर्यंत पोचली, आणि तिथून फिरून परत महोम्ससमोर

मंडळी, माझ्या ट्रेड ट्रीमधल्या (एका सौद्यातून पुढे फुटत गेलेल्या सौद्यांच्या नकाशातल्या) बावीस नंबरचा गुंता सुटला एकदाचा. मागच्या नोंदीत अमेरिकन फुटबॉलमधल्या चीफ्स आणि बिल्स या टीमचा २०१७ चा ट्रेड शीटमध्ये टाकला होता आणि "पुढचं बघू" म्हणून थांबलो होतो, त्यानंतर तीन आठवडे रात्रीचं जेवण झालं की तासभर तेच घेऊन बसतोय, आणि परवा जे हाताला लागलं ते तुम्हाला कधी एकदा सांगतो असं झालंय.

नवीन कोणी असेल तर दोन मिनिटांत सांगतो, जुन्या लोकांनी हा पॅरा सोडून द्या. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नवीन खेळाडू निवडायच्या कार्यक्रमात) आयपीएलसारखी बोली लागत नाही, नंबराप्रमाणे एकेक टीम खेळाडू निवडते. शाळा संपून निदान तीन वर्षं झालेली कॉलेजची पोरं, ३२ टीम, सात राउंड, आणि गेल्या सीझनला जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिला पहिला नंबर, सुपर बोल (सीझनची फायनल) जिंकलेलीला शेवटचा. कल्पना ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची, पहिला ड्राफ्ट फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियातच झाला, आणि सगळ्यात पहिला निवडलेला जे बरवँगर एनएफएलची एकही मॅच खेळला नाही. ईगल्सनी त्याचे हक्क बेअर्सना देऊन टाकले होते, म्हणजे सौदे करायची सवय पहिल्याच नंबरापासूनची आहे बघा.

माझे आजोबा मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते, ते हुंडीच्या गोष्टी सांगायचे, की कागद एकाच्या नावाने निघायचा, मागे सही होऊन दुसऱ्याकडे जायचा, तिथून तिसऱ्याकडे, आणि ज्याने मुळात लिहिला त्याला शेवटी पैसे कोणाच्या हातात पडले हे माहीतही नसायचं. पिक म्हणजे मला अगदी तेच वाटतं. आपण ज्याला पिक म्हणतो तो खेळाडू नाहीच, तो त्या नंबरला खेळाडू निवडायच्या हक्काचा कागद आहे, आणि पुढच्या वर्षाचा पिक असेल तर त्या कागदावर आकडा पण लिहिलेला नसतो, तो ती टीम वर्षभर कशी खेळते त्यावर ठरतो. माझा हा सगळा ट्री काढायचा खटाटोप त्या कागदाच्या मागच्या सह्या वाचण्यासाठीच चाललाय.

तर आता मूळ मुद्दा. २०१७ ला चीफ्स २७ वर होते, त्यांना क्वार्टरबॅक (पास फेकणारा, टीमचा हल्ला चालवणारा) पॅट्रिक महोम्स पाहिजे होता, म्हणून त्यांनी बिल्सकडून १० नंबर घेतला आणि बदल्यात दिलं काय तर २७, ९१ आणि २०१८ चा पहिल्या राउंडचा पिक. २७ वर बिल्सनी कॉर्नरबॅक ट्रेडेव्हियस व्हाइट घेतला, तो २०१९ ला ऑल-प्रो (लीगच्या त्या सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत) झाला, म्हणजे तेवढी एक फांदीसुद्धा वाया गेली नाही. पण मजा त्या तिसऱ्या कागदात आहे. पुढच्या वर्षी त्याच्यावर आकडा उमटला २२.

बिल्सनी तो २२ स्वतः वापरलाच नाही. त्याला ६५ जोडून रेव्हन्सना दिला आणि १६ व १५४ घेतले, १६ वर लाइनबॅकर ट्रेमेन एडमंड्स. (तो ६५ कुठला, तर महिनाभर आधी क्वार्टरबॅक टायरॉड टेलरला ब्राउन्सकडे पाठवून मिळालेला. म्हणजे एडमंड्सच्या मुळाशी महोम्सची किंमत आणि टायरॉड टेलर असे दोन्ही झरे येऊन मिळतात, हे कागदावर काढताना मला फार आवडलं.)

रेव्हन्सनी पण २२ ठेवला नाही. २२ आणि २१५ टायटन्सना दिले, २५ आणि १२५ घेतले. टायटन्सनी २२ वर रशान एव्हन्स घेतला, रेव्हन्सनी २५ वर टाइट एंड हेडन हर्स्ट. आणि हा जो १२५ आला ना, चौथ्या राउंडचा, ज्याच्याकडे त्या रात्री कोणाचं लक्षही नसणार, तोच माझा तीन आठवडे हुकलेला धागा. मी शीटमध्ये २५ ला हिरवा रंग देऊन पुढे गेलो होतो आणि १२५ ला "किरकोळ" म्हणून करडा करून ठेवलं होतं.

त्याच रात्री रेव्हन्सनी ईगल्सना ५२, १२५ आणि २०१९ चा दुसऱ्या राउंडचा पिक दिला, आणि घेतले ३२ व १३२. ३२ वर कोण? क्वार्टरबॅक लमार जॅक्सन!

म्हणजे चीफ्सनी महोम्ससाठी जी किंमत मोजली तिचा एक तुकडा बफेलोहून (बिल्स) बॉल्टिमोरला (रेव्हन्स), तिथून नॅशव्हिलच्या टीमशी (टायटन्स) अदलाबदल होऊन, लमारच्या किमतीत जाऊन बसला. महोम्स २०१८ आणि २०२२ चा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू), लमार २०१९ आणि २०२३ चा. परवा रात्री ही रेघ जुळली तेव्हा मी पेन खाली ठेवलं आणि नुसता त्या कार्डशीटकडे बघत बसलो.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मग म्हटलं तो १२५ ईगल्सनी शेवटी वापरला कशाला ते तर बघू. कॉर्नरबॅक अव्हॉन्टे मॅडॉक्स. आणि मॅडॉक्स २०२४ च्या सीझनला ईगल्समध्येच होता, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला सुपर बोलमध्ये ईगल्सनी हरवलं कोणाला, तर महोम्सच्या चीफ्सना, ४०-२२. सात वर्षं, पाच टीम, एक हुंडी, आणि ती लिहिणाऱ्याच्याच दारात येऊन उभी राहिली!

ती २०१८ ची रात्र मी स्वतः बघितलेली आहे. तेव्हा मी कामानिमित्त बॉल्टिमोरजवळ राहत होतो, ऑफिसातल्या लोकांमुळे रेव्हन्सचं वेड लागलं ते आजपर्यंत. मेफील्ड, डार्नोल्ड, ॲलन, रोझन असे चार क्वार्टरबॅक दहाव्या नंबरपर्यंतच गेले आणि लमार आपला तिथेच बसलेला, एकेक नाव पुकारतायत आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा त्याच्यावर. आम्ही चौघं सोफ्यावर होतो, हर्स्ट झाल्यावर दोघं उठून घरी गेले कारण आता आपलं आज काही नाही असंच वाटलं, आणि उशिरा रात्री ३२ ला अचानक स्क्रीनवर ट्रेड झळकला. ओझी न्यूसम यांचा रेव्हन्सचे जनरल मॅनेजर म्हणून तो शेवटचा ड्राफ्ट होता. १९९६ ला टीमच्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये ज्यांनी जोनाथन ऑग्डन आणि रे लुईस घेतले, त्यांनी जाताना लमार ठेवून जावं, याहून मोठं देणं काय असणार.

आणि ३२ च का, थोडं थांबून दुसऱ्या राउंडमध्ये का नाही घेतला असं मला तेव्हा बरेच जण विचारायचे. नवीन खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, पण पहिल्या राउंडवाल्याच्या करारात पाचवं वर्ष टीमच्या मर्जीवर वाढवता येतं. क्वार्टरबॅकच्या बाबतीत ते एक वर्ष म्हणजे सोनं. म्हणून ३२ आणि ३३ मध्ये आकड्याचा फरक एकाचा असला तरी कागद वेगळ्या जातीचे आहेत.

आता माझ्या शीटमधली चूक, कारण दोघांनी मागच्या वेळी बरोबर पकडली होती. किंमत मोजायला मी तो जुनाच चार्ट वापरतो, १९९१ ला काउबॉइजचे माइक मॅकॉय यांनी कोच जिमी जॉन्सनसाठी बनवलेला, पहिल्या नंबरला ३००० पॉइंट, दुसऱ्याला २६००, दहाव्याला १३००, सोळाव्याला १०००, बत्तिसाव्याला ५९०. महोम्सच्या ट्रेडमध्ये चीफ्सना १३०० मिळाले, त्यांनी २७ चे ६८० आणि ९१ चे १३६ दिले, म्हणजे ८१६, उरले ४८४. मी तिथे २२ नंबरचे ७८० सरळ टाकून "चीफ्सनी २९६ जास्त दिले" असं लिहिलं होतं. हे चुकीचं आहे. सौद्याच्या दिवशी तो २२ नव्हताच, नुसता "पुढच्या वर्षीचा पहिला" होता, आणि टीम लोक साधारण पुढच्या वर्षीचा पहिला राउंड म्हणजे आजचा दुसरा राउंड असा हिशेब धरतात. दुसऱ्या राउंडच्या मधला पिक धरला तर चारशेच्या आसपास येतो, म्हणजे सौदा जवळजवळ बरोबरीचाच झाला. आता प्रत्येक ट्रेडला दोन कॉलम केलेत, एक "त्या दिवशी" आणि एक "शेवटी", आणि माझं मत असं झालंय की जनरल मॅनेजरला दोष द्यायचा तर फक्त पहिल्या कॉलमवरून द्यावा.

उलटी केस पण टाकतो. २०१२ ला वॉशिंग्टनने रॉबर्ट ग्रिफिनसाठी २ नंबर घेतला, रॅम्सना ६ आणि ३९ दिले, वर २०१३ आणि २०१४ चे पहिल्या राउंडचे दोन्ही. ६ चे १६००, ३९ चे ५१०, झाले २११०, उरले ४९०, आणि त्याच्यासाठी दोन कोरे कागद! म्हणजे पहिल्या कॉलमलाच भारी पडलेला सौदा. त्यातला २०१४ चा कागद उघडला तर नंबर निघाला २. त्या वर्षी डिसेंबरमध्ये दोन्ही टीम समोरासमोर आल्या तेव्हा रॅम्सनी नाणेफेकीला कॅप्टन म्हणून पाठवले ते त्या सौद्यातून आलेले सहा खेळाडू, ओळीने उभे. रॅम्स २४-० ने जिंकले. आख्खा ट्रेड ट्री मैदानाच्या मधोमध उभा, मी तो फोटो प्रिंट काढून कार्डशीटच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवलाय.

बाकी चार्टवर डोळे झाकून विसंबू नका. बिल्सनी २०१८ लाच जॉश ॲलनसाठी १२ वरून ७ वर जायला ५३ आणि ५६ दिले, चार्ट म्हणतो, १२ नंबर धरून, १५०० च्या बदल्यात १९१०. चार्टच्या मते तोटा, आणि ॲलन २०२४ चा एमव्हीपी! चार्टला क्वार्टरबॅक कळत नाही. पण दुसरी बाजूही आहे, केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी ड्राफ्टचा अभ्यास केला होता त्यात असं निघालं की एकाच पोझिशनचे लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले तर आधी निवडलेला सरस ठरायची शक्यता फक्त ५२ टक्के. म्हणजे जवळजवळ छापा-काटा. म्हणूनच रेव्हन्स १६ वरून २२, २२ वरून २५ असे खाली सरकत गेले आणि प्रत्येक पायरीला एकेक कागद खिशात टाकत गेले, ते मला पटतं, आणि नेमक्या एका माणसासाठी उलटे वर चढले तेही पटतं.

या आठवड्याचं काम असं की हर्स्टची फांदी पुढे नेली. २०२० ला रेव्हन्सनी त्याला चौथ्या राउंडच्या एका पिकसोबत फाल्कन्सना दिला, त्यातून ५५ आला, त्यावर रनिंग बॅक जे. के. डॉबिन्स. कार्डशीट संपली म्हणून खाली दुसरी जोडली, मागून सेलोटेप लावलाय, आता ती भिंतीवरून कॉटच्या उशीपर्यंत आलीय. रंग पण बदलले, टीमप्रमाणे नाही तर मूळ हुंडी ज्याची त्याप्रमाणे. चीफ्सच्या पिकमधून जे जे निघालं ते सगळं लाल, मग तो खेळाडू कुठल्याही टीमचा असो. मॅडॉक्स आणि डॉबिन्सचे चौकोन पूर्ण लाल, लमारच्या चौकोनाला फक्त एक कोपरा लाल दिलाय, कारण त्याच्या किमतीत १२५ चा वाटा तेवढाच.

पुढच्या नोंदीला ऑक्टोबर १९८९ चा काउबॉइज आणि व्हायकिंग्समधला हर्शेल वॉकरचा सौदा, एकूण १८ खेळाडू आणि पिक. त्यातल्या एमिट स्मिथच्या फांदीपासून सुरुवात करतोय, व्हायकिंग्सचा २१ पिट्सबर्गला देऊन काउबॉइज १७ वर गेले तिथून. ज्यांच्याकडे त्या काळच्या मॅगझिनची कात्रणं आहेत त्यांनी फोटो पाठवा, आणि रेव्हन्सना मिळालेला तो ६५ कुठे कुठे गेला ही फांदी कोणाला घ्यायची असेल तर सांगा, माझ्याकडची हिरवी शीट लगेच पाठवतो.