सीतेची आसवे: रंगावर जाऊ नका

ऑगस्ट-सप्टेंबरात कासच्या सड्यावर निळ्या-जांभळ्या फुलांचे ताटवे दिसले की फोटोखाली 'सीतेची आसवे' लिहून सगळे मोकळे होतात. वंश बरोबर असतो, जात बऱ्याचदा चुकते. सीतेची आसवे म्हणजे युट्रिक्युलारिया हा वंश; त्याच्या निळसर जाती एकमेकींना खेटून उगवतात आणि रंग उन्हाने, फुलाच्या वयाने, मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही बदलतो.

आधी वंश पक्का करा. दोऱ्यासारखा दांडा, त्यावर एकही हिरवं पान नाही. फुलाला दोन ओठ, मागे टोकदार शेपटी, आणि निदलं, म्हणजे पाकळ्यांबाहेरची कळी झाकणारी दलं, फक्त दोन. तेरड्यालाही शेपटी असते, पण त्याच्या खोडावर पानं असतात. लिंडर्निया या दुसऱ्या छोट्या रोपाला निदलं पाच आणि शेपटी नाही. सीतेच्या आसवांची पानं चिखलालगत असतात, फुलं येईपर्यंत बरीचशी नाहीशी होतात. म्हणून पानांवरून जात ठरवायला जाऊ नये.

आता दहापट भिंग घ्या आणि फुलाच्या देठाशी असलेलं सहपत्र, म्हणजे पानासारखं इवलंसं खवलं, बघा. सगळी गोम तिथेच आहे. ते स्वतःच्या बुडाने दांड्याला चिकटलेलं असेल तर पर्प्युरासेन्स, रेटिक्युलाटा, अल्बोसेरुलिया या जातींचा गट. स्वतःच्या मध्यावर चिकटून वर-खाली दोन्हीकडे टोक निघालं असेल, तर जांभळं फूलही सेरुलियाचं असू शकतं. ओल्या कातळावर, शेवाळात फिकट फूल, खालचा ओठ पंख्यासारखा आणि वरचा अगदीच चिमुकला असेल तर ती स्ट्रायाट्युला. तिचंही सहपत्र मध्यावरच चिकटतं.

पहिल्या गटात मग दांडा बघायचा. गवताला किंवा भाताच्या काडीला वेढे घालत चढणारी, ओठाच्या फुगवट्यावर शिरांचं जाळं असलेली ती रेटिक्युलाटा. निळ्या ओठावर मोठा पांढरा डाग असेल तर अल्बोसेरुलिया. सरळ उभी, दाटीने फुललेली बहुधा पर्प्युरासेन्स, पण 'बहुधा' म्हणूनच लिहा.

पिवळी सापडली तर फळाचा देठ तपासा. बायफिडात तो खाली वाकतो; स्कॅन्डेन्सचा दांडा वेढे घेतो.

रोप उपटून काही हाती लागत नाही. किडे पकडणाऱ्या जेमतेम मिलिमीटरभराच्या पिशव्या नाजूक तंतूंवर असतात, ते तुटून चिखलातच राहतात. त्यापेक्षा चार फोटो काढा: समोरून फूल, बाजूने शेपटी, सहपत्र जवळून, आणि फळ. शेजारी पट्टी ठेवा. फक्त समोरचा फोटो पाठवून जात विचारली, तर जाणकारही अंदाजच सांगेल.