सहा व्होल्ट आणि एकच फ्यूज

मंगळवार रात्र

टाकी आणि सीट उतरवून आख्खं वायरिंग आज उघडं केलं. पन्नासच्या दशकातली मोटरसायकल, 6 व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक फ्रेमला जोडलेलं), कॉइल इग्निशन (म्हणजे ठिणगीची वीजही बॅटरीतूनच), आणि सगळ्या गाडीला मिळून एकच काचेचा फ्यूज, तोही बॅटरीच्या निगेटिव्ह वायरवर. त्या काळच्या कितीतरी गाड्यांवर तेवढाही नसायचा, बॅटरीतून निघालेली वायर सरळ स्विचला जायची, त्यामानाने हे बरंच म्हणायचं. वायरचं रबर इतकं कडक झालंय की हँडलच्या मुळाशी जरा वाकवलं तरी तुकडे पडतात, वरचं कापडी वेष्टण धरून ठेवतंय म्हणून बाहेरून धडधाकट दिसतं एवढंच. हँडल दर वळणाला हलतं त्यामुळे ती जागा सगळ्यात आधी जाते, आणि दुसरी मागच्या मडगार्डखाली, जिथे वायर पत्र्याच्या भोकातून बाहेर येते आणि भोकातला रबरी ग्रोमेट कधीच गळून पडलेला असतो.

फ्यूज काढून बघितला तर त्यावर 35 लिहिलेलं. इथे एक गोष्ट लिहूनच ठेवतो कारण जुन्या ब्रिटिश गाड्यांवर यात खूप जण फसतात. ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या काचेच्या फ्यूजवर जो आकडा असतो तो फ्यूज उडायचा आकडा, म्हणजे 35 लिहिलेला फ्यूज कायम वाहायला साधारण 17 अँपियरचाच असतो, आणि आज दुकानात मिळणाऱ्या बऱ्याचशा फ्यूजवरचा 35 म्हणजे 35 अँपियर कायम वाहून नेणारा. दिसायला दोन्ही सारखे, होल्डरमध्ये दोन्ही बसतात. म्हणजे कोणी चांगल्या हेतूने पुस्तकात बघून 35 चा नवा फ्यूज टाकला तरी गाडीचं संरक्षण निम्म्यावर आलं आणि त्याला पत्ताही नाही.

बुधवार

दिवसभर डोक्यात तेच चालू होतं, फ्यूज नेमका कोणाला वाचवतो. बल्ब उडाला तर बल्ब बदलता येतो, हॉर्न बिघडला तर हॉर्न, पण वायर फ्रेमला शॉर्ट झाली की बॅटरीतून एका क्षणात शंभराच्या वर अँपियर सुटू शकतात, छोट्या लेड-ॲसिड बॅटरीतूनसुद्धा, आणि मग ती वायर लाल होते, शेजारच्या वायरींचं इन्सुलेशन वितळतं आणि वर पेट्रोलची टाकी असते. फ्यूज आहे तो वायरीसाठी. म्हणून फ्यूजचा आकडा ठरवताना आधी वायर किती जाड आहे ते बघायचं, नंतर तिच्यावर काय चालतंय ते. आणि फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरातच हवा, कारण त्याच्या आधीच्या तुकड्याला कोणाचंच संरक्षण नाही.

हिशोब वहीत मांडला. हेडलाइट 30 वॅट म्हणजे 6 व्होल्टला 5 अँपियर. टेललाइट 6 वॅट म्हणजे 1, ब्रेकलाइट 18 वॅट म्हणजे 3, स्पीडोमीटरचा छोटा बल्ब जेमतेम पाव अँपियरच्या आसपास, इग्निशनची कॉइल, तिचे पॉइंट (तिची वीज जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) मिटलेले असताना, चारच्या आत. हीच गाडी 12 व्होल्टची असती तर सगळे आकडे निम्मे झाले असते. सहा व्होल्टला लोक कमजोर म्हणतात पण खरं बघितलं तर वायरींवर जास्त ताण तिथेच असतो.

शुक्रवार

जुनं वायरिंग फेकण्याआधी हेडलाइट चालू ठेवून मीटर लावला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट बल्बच्या होल्डरला, म्हणजे मधल्या वायरी, स्विच, जोड सगळ्यांत मिळून किती व्होल्ट खाल्ले जातात ते कळतं. 0.9 व्होल्ट! सहातले 0.9 म्हणजे 15 टक्के, आणि साध्या फिलामेंट बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो, म्हणजे बल्बला त्याच्या उजेडातला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग मिळतच नव्हता. जुन्या गाड्यांचे दिवे मेणबत्तीसारखे असतात असं सगळे म्हणतात पण त्यात बल्बचा दोष थोडा, गंजलेले जोड आणि बारीक वायर यांचाच जास्त. हा मीटरचा प्रयोग कोणीही करावा, वीज वाहत असताना करावा, नुसती कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग आहे का एवढंच, बघून काही कळत नाही कारण दहातल्या नऊ तारा तुटलेली वायरसुद्धा बीप देते.

अर्थचं पण तसंच. हेडलाइटचा करंट परत जायला वाट होती ती स्टिअरिंगच्या बेअरिंगमधून, ग्रीस लावलेल्या गोळ्यांमधून! फ्रेमला नवा रंग दिला की अर्थ आणखी बिघडतो कारण रंग वीज वाहू देत नाही. म्हणून हेडलाइट, मागचे दिवे आणि इंजिन, तिन्हींपासून वेगळ्या अर्थच्या वायरी बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ एका बोल्टवर आणायच्या असं ठरवलं, खालचा पत्रा चकचकीत घासून.

रविवार

आज दिवसभर वायर कापणं आणि क्रिम्पिंग, म्हणजे वायरच्या टोकांना लग (धातूची जोडटोकं) पकडीने दाबून बसवणं. वायर घेतली ती 14/0.30 आणि 28/0.30, म्हणजे 0.30 मिमीच्या 14 तारा आणि 28 तारा, पहिली 1 चौरस मिमी आणि दुसरी 2. पहिली पावणेनऊ अँपियरची मानतात, दुसरी साडेसतरा. हेडलाइटच्या 5 अँपियरला गरम होण्याच्या दृष्टीने पहिली पुरते, पण दोन मीटरच्या वाटेत ती जवळपास 0.18 व्होल्ट खाते आणि दुसरी त्याच्या निम्मे, आणि सहा व्होल्टमध्ये असे छोटे तुकडे वाचवूनच उजेड मिळतो, म्हणून हेडलाइटला दुसरी. बॅटरीपासून फ्यूज बॉक्सपर्यंत 44 तारांची.

जोडांना सोल्डर लावायचं नाही असं माझं पक्कं मत आहे. शिसं तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि इंजिनच्या थरथरीने वायर बरोब्बर त्या कडेला तुटते. नीट पकडीने दाबलेला लग, त्यावर स्लीव (इन्सुलेशनची नळी), आणि वायर जोडाच्या जवळच क्लिपने बांधलेली, हे वर्षानुवर्षं टिकतं.

आता मुख्य गोष्ट, फ्यूज किती आणि कसे. एक मत असं की एकच मुख्य फ्यूज ठेवावा, जुनी गाडी जुन्यासारखी राहू द्यावी. मला ते पटत नाही. एकच फ्यूज असला की मागच्या मडगार्डखाली टेललाइटची वायर घासून शॉर्ट झाली तर फ्यूज उडतो आणि त्याच क्षणी हेडलाइट पण जातो आणि कॉइल इग्निशन असल्यामुळे इंजिनही बंद, म्हणजे अंधाऱ्या वळणावर दिसणंही बंद आणि मागच्याला आपण दिसणंही बंद. (मॅग्नेटोवाल्या गाडीत, जिथे ठिणगीची वीज बॅटरीशिवाय इंजिनच तयार करतं, इंजिन तरी चालू राहतं.) त्यामुळे सगळ्यात जास्त घासणारी वायर आणि सगळ्यात जास्त गरजेचा दिवा एका फ्यूजवर कधीच नको, माझी सगळी वाटणी याच एका नियमावर केली. हेडलाइट 7.5, इग्निशन 7.5, टेललाइट आणि स्पीडोमीटर मिळून 3, ब्रेकलाइट वेगळा 5, हॉर्न वेगळा 10, आणि सगळ्यांच्या आधी मुख्य 20. टेल आणि ब्रेक एकाच स्लीवमधून मागे जातात तरी फ्यूज वेगळे, एक गेला तर दुसरा राहतो. शॉर्ट झाला तर मुख्य आणि छोटा दोघांमधून तोच करंट जातो पण छोटा आधी वितळतो.

सगळे फ्यूज पात्याचे (आजच्या कारमध्ये असतात तसे चपटे), सीटखाली, बाहेरून काही दिसत नाही. काचेचे सोडले कारण काचेच्या टोकाच्या टोप्या आणि होल्डरच्या स्प्रिंगा थरथरीने सैल होतात आणि गंजतात, तिथे परत व्होल्ट खाल्ले जातात. पात्याचा फ्यूज लगेच उडतो हा मात्र गैरसमज आहे. त्याच्या आकड्याच्या 135 टक्के करंट असला तर तो अगदी दहा मिनिटंही तग धरू शकतो आणि दुप्पट असला तर पाच सेकंदांपर्यंत. म्हणून तर वायरची क्षमता फ्यूजपेक्षा वर ठेवायची, बरोबरीची नाही. आपोआप परत जोडले जाणारे सर्किट ब्रेकर पण मिळतात, हार्लेवर वर्षानुवर्षं तसेच असायचे, पण शॉर्ट कायम असला तर ते थंड झाले की पुन्हा जोडतात आणि वायर पुन्हा तापते, मला फ्यूज उडून तसाच राहिलेला आवडतो, निदान काहीतरी बिघडलंय हे कळतं.

पुढचा शनिवार

बॅटरी पहिल्यांदा जोडताना मुख्य फ्यूजच्या जागी फ्यूज टाकला नाही, 6 व्होल्टचा हेडलाइटचा एक बल्ब लावला. कुठेही शॉर्ट असला तर तो बल्ब पूर्ण पेटतो, करंट 5 अँपियरच्या पुढे जाऊच शकत नाही, काही जळत नाही आणि शांतपणे शोधता येतं. किल्ली बंद, बल्ब बंद. किल्ली फिरवली, पॉइंट मिटलेले होते म्हणून मंद उजेड, बरोबर. टेललाइटचा स्विच टाकल्यावर मात्र बल्ब एकदम झगझगला. एकेक फ्यूज काढत गेलो, 3 अँपियरचा काढल्यावर विझला. स्पीडोमीटरच्या बल्बच्या होल्डरचा लग बॉडीला टेकत होता, वाकवून स्लीव चढवली.

मग खरा 20 चा फ्यूज बसवला आणि हेडलाइट चालू ठेवून पुन्हा मीटर लावला, 0.25 व्होल्ट. त्यातले 0.1 एकट्या जुन्या स्विचचे, ते उघडून कॉन्टॅक्ट साफ करायचे राहिलेत, आणि मडगार्डच्या भोकात नवा ग्रोमेट बसल्याशिवाय गाडी रात्री बाहेर काढणार नाही. फ्यूज बॉक्सच्या झाकणाला आतून कोणता फ्यूज कशाचा ते लिहून चिकटवलंय, शेजारी प्रत्येक आकड्याचा एकेक जास्तीचा फ्यूज ठेवलाय.