तुम्ही विचारलंत म्हणून: मंगीला एकदा तरी पिल्लं का होऊ दिली नाहीत

आमच्या कुत्रीबद्दलचा हा प्रश्न मला जावेने विचारलाय, शेजारच्या काकूंनी विचारलाय, मुलाच्या ट्यूशनच्या बाईंनी विचारलाय, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर ओळखदेख नसलेल्या एका बाईंनी वाण हातात घेतल्या घेतल्या विचारला. "बाईजात आहे गं ती, एकदा तरी होऊ द्यायचं, मग करायचं ऑपरेशन." दर वेळी मी "हो ना, नाही जमलं" म्हणून विषय बदलते. आज बदलत नाही.

आधी एक सांगा, त्यातलं एक पिल्लू तुम्ही नेलं असतं का? मी विचारून बघितलंय, म्हणून बोलतेय. उत्तर ठरलेलं असतं, "कुत्रा असेल तर सांग, कुत्री नको." मंगी आम्हाला मार्केट यार्डाच्या मागे पोत्यात सापडली, आणि त्या पोत्यात सगळ्या माद्याच होत्या. नर कोणीतरी आधीच वेचून नेलेले. माझ्या माहेरी चंपी होती, वर्षातून दोनदा व्यायची. नर गावात वाटले जायचे आणि माद्यांना आजोबा ओढ्यापलीकडे सोडून यायचे, मग चंपी कितीतरी दिवस घरात-बाहेर करत हुंगत फिरायची. तेव्हा मातृत्वाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. शेवटी तिच्या गर्भाशयात पू झाला. पाण्याचं भांडं पुरायचं नाही तिला, नुसतं पाणी पाणी, पोट टम्म फुगलेलं, आणि डॉक्टर येईपर्यंत गेली. हा आजार ऑपरेशन न केलेल्या माद्यांना होतो, बहुतेक वेळा हीट, म्हणजे माज, होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी. एकदा पिल्लं झाली की कुत्री निरोगी राहते वगैरे जे सांगतात त्याला काही आधार नाही, मी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना विचारलंय.

आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने आधी दिल्लीतली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा म्हटलं, मग अकरा दिवसांनी ते बदलून, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून बाकीची नसबंदी-लसीकरण करून होती तिथेच परत सोडा म्हटलं, तेव्हा "सगळी उचला एकदाची" असे मेसेज मला कोणी पाठवले होते? ह्याच लोकांनी. रस्त्यावरची कुत्री येतात कुठून मग?

हे सगळं मला पाठ आहे, कोणीही भेटलं तर मी हे भांडू शकते. पण तुम्ही जे विचारता त्याचं उत्तर हे नाहीये. मंगीला पिल्लं होणार होती.

नसबंदीचं शिबीर आमच्या गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात होतं. पंगतीची टेबलं धुऊन त्यावर प्लास्टिक अंथरलेलं, एका भिंतीला पिंजऱ्यात भटकी कुत्री, दुसरीकडे आमच्यासारखे पट्टा धरून बसलेले लोक. डॉक्टर दोघे, बाकी सगळी कॉलेजची मुलं-मुली, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी आलेली. मंगी रात्रीपासून उपाशी, सकाळपासून पाणी पण नाही. महिन्यापूर्वी हीट संपलेली. त्या तीन आठवड्यांत दार बंद ठेवलं होतं, कुठे कसं झालं मला आजही माहीत नाही. डॉक्टरांनी पोट चाचपलं, परत चाचपलं आणि मला बाजूला बोलावलं.

"ताई, गाभण आहे. हाताला लागतायत."

मला काही सुचेना. ते म्हणाले, "घेऊन जाऊ शकता. होऊ द्या, दूध सुटलं की आणा. नाहीतर आज करू. रक्तवाहिन्या मोठ्या झालेल्या असतात त्यामुळे जोखीम थोडी जास्त, पण होण्यासारखं आहे. अजून उशीर झाला तर मी इथे करणार नाही."

"तुम्ही काय केलं असतं?"

"ते मी नाही सांगणार. कुत्री तुमची आहे."

माझा मुलगा आठवीतला, शेजारीच उभा होता, त्याने सगळं ऐकलं. "आई, घरी जाऊया," एवढंच म्हणाला. नवऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला तू तिथे आहेस, तू ठरव. फॉर्म हातात, मागे लोक थांबलेले, पिंजऱ्यातली कुत्री भुंकतायत, आणि मी मनातल्या मनात कोण कोण पिल्लू नेईल त्याची नावं घेत होते. दोन नावांच्या पुढे गेले नाही, ती दोघंही "कुत्रा असेल तर"वाली. मी सही केली.

भुलीचं इंजेक्शन दिल्यावर मंगीला उलटी झाली, मग ती लुळी पडली, पण डोळे उघडेच. त्या भुलीत डोळे मिटत नाहीत, म्हणून मलम घालतात, त्यांना काही दिसत नसतं. मला हे तिथल्या मुलीने नीट समजावून सांगितलं तरी मी त्या बाजूला उभी राहू शकले नाही. नंतर डॉक्टर बाहेर आले, म्हणाले व्यवस्थित झालं, किती होती सांगू का? मी नको म्हटलं. मुलगा म्हणाला, मला सांगा. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं नाही. रिक्षात तो म्हणाला, "तू मला विचारू पण दिलं नाहीस," आणि त्यानंतर ह्या विषयावर आमचं बोलणं झालेलं नाही.

टाके छान भरले. पण चार-पाच दिवसांनी मंगी मुलाचे मोजे, पायपुसणं, काय सापडेल ते पलंगाखाली नेऊन ठेवायला लागली आणि त्याभोवती अंगाचं वेटोळं करून पडायची. जवळ गेलं तर गुरगुरायची, जी मंगी आयुष्यात कोणावर गुरगुरली नव्हती. आचळांना दूध आलं होतं. घाबरून फोन केला तर डॉक्टर म्हणाले, अंडाशय काढल्यावर हार्मोन एकदम खाली येतात, त्याने होतं असं, दोन-तीन आठवड्यांत जाईल, आचळांना हात लावू नका. गेलं पण. हार्मोन आहेत, कळलं मला. पण मोजे धुवायला उचलायचा धीर मला बरेच दिवस झाला नाही, आणि हे मी जावेला सांगितलेलं नाही, कारण तिला हेच हवंय. बघ, मी म्हणत होते ना.

म्हणणारच. मी पण म्हणत होते की! मंगी छोटी होती तेव्हा मीच घरात सांगायचे, एकदा होऊ देऊ, एक आपण ठेवू, बाकीच्यांना घरं शोधू. त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, विचारावंसं वाटतं, कुठली घरं गं? ती म्हणेल, शोधली असतीस तर मिळाली असती, तू दोन नावांवर थांबलीस. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तिच्याकडे पोत्याचं उत्तर नाही.

पुन्हा तीच वेळ आली तर मी सही करेन. निष्ठुर म्हणायचं तर म्हणा, पण मग पोतं बांधणाऱ्यांनाही म्हणा. पुढच्या शिबिरात मी नोंदणीच्या टेबलावर बसणार आहे, मुलींनी विचारलं आणि मी हो म्हटलं. कोणी बाई गाभण कुत्री घेऊन येईल आणि मला विचारेल, ताई तुम्ही काय केलं असतं. मी काय केलं ते सांगेन, मोज्यांसकट सांगेन. तिने काय करावं ते मला सांगता येईल असं आत्ता तरी वाटत नाही.