ओरॅकल पार्क : थोरला, धाकटी आणि आजोबा

"अगं, हा तर सगळे फुलटॉसच टाकतोय!" बाबांचा हा शेरा दुसऱ्या की तिसऱ्या चेंडूलाच आला. पुढच्या ओळीतल्यांना मराठी कळत नव्हतं ते बरं. त्याच वेळी साडेतीन वर्षांची धाकटी खुर्चीखाली सांडलेला चिवडा वेचत होती आणि सहा वर्षांचा थोरला "पाण्यातल्या होड्या कुठायत?" म्हणून माझा दंड ओढत होता. बेसबॉलच्या मॅचची पाच जणांची तिकिटं काढली होती, मॅच बघत होता एकटा नवरा.

आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाचं मैदान, ओरॅकल पार्क, घरापासून ट्रेनच्या एका प्रवासावर, तरी इतक्या वर्षांत जाणं झालं नव्हतं. या उन्हाळ्यात साताऱ्याहून बाबा आले होते. थोरल्याच्या वर्गातली अर्धी पोरं नारिंगी-काळ्या टोप्या घालून फिरत होती. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून आमचं काय जमलं आणि काय फसलं ते लिहिते आहे.

तिकिटांचा फार बाऊ करू नका. हा काही भारत-पाकिस्तान सामना नव्हे. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. एक हुकला तर दुसरा आहेच. मागणीप्रमाणे तिकिटाचे दर वरखाली होतात (ही युक्ती मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा वापरली तीही याच जायंट्सनी, २०१०च्या सुमारास). म्हणून आठवड्यातल्या दिवशी, फारशा नावाजलेल्या नसलेल्या संघाविरुद्धचा सामना निवडलात तर खिशाला कमी चाट बसते. मुलं लहान असतील तर दुपारचाच सामना घ्या. रात्रीचा सामना म्हणजे गारठा, झोपेची वेळ आणि रडारड, तिन्ही एकदम.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. उजव्या बाजूच्या भिंतीबाहेर पाण्याच्या कडेने फिरायला जी वाट आहे, तिथल्या कमानींच्या जाळीतून सामना चक्क फुकट बघता येतो. गर्दी असेल तर तीन इनिंगनंतर (सामन्यात नऊ असतात) मागच्यांना जागा द्यायची, असा रिवाज आहे. तुमचं मूल अशा गोंगाटात रमेल की नाही याची खात्री नसेल, तर आधी एकदा तिथे उभं राहून बघा. नाहीच रमलं तर पुढे पाण्याकाठी फिरायला जा. तिकिटाचे पैसे गेल्याची हळहळ नको.

जायचं ते कॅलट्रेन या लोकलनेच, यावर माझं ठाम मत आहे. पार्किंगसाठी ओतायचे पैसे आणि सामन्यानंतर तासभर गाडीत अडकलेली दोन मुलं, हे गणित कुठल्याच बाजूने सुटत नाही. २०२४च्या सप्टेंबरपासून या मार्गावर विजेच्या गाड्या धावतात. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचं तिकीट एका फेरीला फक्त १ डॉलर. अख्ख्या गाडीत संडास मात्र एकच असतो. तो कुठल्या डब्यात आहे ते बघूनच जागा पकडा. आम्ही पकडली नव्हती. मग धाकटीला काखेत घेऊन, सगळ्यांना "एक्स्क्यूज मी" म्हणत, चार डबे ओलांडून मी पळाले. त्या पळापळीत माझी मैदानात जायची सगळी हौस वाटेतल्या मिलब्रे स्टेशनच्या आतच फिटली होती. थोरला मात्र खूश. गाडीत नारिंगी टोप्यांची झुंबड, कुणी ढोलकी वाजवत नाही एवढंच, बाकी पंढरीच्या वारीला निघाल्यासारखा सगळा नूर. त्याच्या लेखी सहल तिथेच सुरू झाली होती.

शेवटच्या स्टेशनवर उतरून गर्दीच्या मागे चालत सुटायचं, रस्ता विचारावा लागत नाही. मोठ्यांना दहा मिनिटं, साडेतीन वर्षांच्या पायांना वीस. खाडीपलीकडच्या ईस्ट बेहून येणाऱ्यांनी बार्ट या मेट्रोने एम्बार्कडेरोला उतरून मुनीची (शहरातली ट्राम) एन गाडी धरावी. पाण्याकाठचा रस्ता सुंदर आहे, पण लहान मुलांना चालवत नेण्याइतका जवळ नाही.

मुख्य दाराशी जायंट्सचा थोर खेळाडू विली मेजचा पुतळा आहे, भोवती ताडाची २४ झाडं. त्याच्या जर्सीचा नंबर २४ होता. मैदानातली उजवीकडची भिंतही म्हणूनच २४ फूट उंच. मेज २०२४च्या जूनमध्ये गेले. बाबांना मी सांगितलं, "आपल्याकडे गावसकर, तसा यांचा हा." त्यांनी टोपी काढून पुतळ्याकडे नीट पाहिलं. चुकामूक झालीच तर याच पुतळ्यापाशी भेटायचं, असं मुलांना इथेच दाखवून ठेवा. धाकटीच्या दंडावर मी घरूनच पेनाने फोन नंबर लिहिला होता.

आता डब्याचं. या मैदानात घरचं खाणं नेता येतं, ही माहिती मराठी माणसासाठी सोन्याची. काचेच्या बाटल्या आणि कॅन नेता येत नाहीत; प्लॅस्टिकची सीलबंद पाण्याची बाटली चालते. मी तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या आणि चिवडा नेला होता. दारावरच्या माणसाने डबा उघडून पुऱ्यांकडे कुतूहलाने पाहिलं आणि जाऊ दिलं. आतले भाव मुंबई विमानतळाला लाजवतील असे आहेत. तरी एक गोष्ट मात्र विकत घ्याच : लसूण घातलेले बटाट्याचे फ्राइज. दक्षिणेला गिलरॉय हे लसणाचं गाव आहे, त्यामुळे इथे लसणाला कंजुषी नाही. शाकाहारी बाबा त्यावर जे तुटून पडले! अगदी लहानग्यांना तिथले भाजलेले शेंगदाणे देऊ नका. गर्दीत ठसका लागला तर पळापळ होते.

आमची जागा होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो तिथल्या) मागे, वरच्या मजल्यावर. इथून सगळं मैदान, पलीकडे खाडी आणि बे ब्रिज, असा देखावा दिसतो. दुपारी सावलीही इथे लवकर येते. आऊटफिल्डच्या बाकांवर ऊन रेंगाळतं. खालच्या मजल्यावर जाळी असते, वर नसते. चुकार फाऊल बॉल (रेषेबाहेर गेलेला फटका) वरही येतो, तेव्हा मूल मांडीवर असेल तर फोनमध्ये डोकं घालून बसू नका. पायऱ्या मात्र अंगावर येतात इतक्या चढ्या. ओळीच्या कडेच्या खुर्च्या घ्या. आमच्या मधल्या होत्या. दर पंधरा मिनिटांनी सहा जणांना उठवून बाहेर पडताना मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना. आणि स्वेटर! जुलै असो, ऑगस्ट असो, खाडीवरचा वारा दुपारी तीननंतर हाडात शिरतो. सकाळी सनीव्हेलच्या उन्हात बाबांनी स्वेटर हातात धरायलाही नकार दिला होता. चौथ्या इनिंगला त्यांनी माझी ओढणी कानाला गुंडाळली.

मुलांना नियम शिकवण्याच्या भानगडीत पडू नका. थोरल्याला मी आदल्या रात्री दोनच गोष्टी सांगितल्या होत्या : तीन स्ट्राइक झाले की आऊट, आणि चारही बेस फिरून घरी आला की एक रन. तेवढं त्याला पुरलं. बाबांना पुरेना. क्रिकेटवाल्याला सगळ्यात जड जातो तो फाऊल. इथे मैदान म्हणजे जेमतेम काटकोन. सुरेख लेट कट मारला तर टाळ्या नाहीत, फाऊल! बाबांच्या लेखी हा खेळाचा अपमान होता. मग एक फाऊल बॉल स्टँडमध्ये गेला आणि तिथल्या मुलीने तो सरळ पिशवीत टाकला. "परत द्यायचा नाही?" नाही बाबा, इथे बॉल घरी नेतात. हे त्यांना पटायला दोन इनिंग लागल्या. खाली रेषेच्या कडेला स्टुलावर बसून फाऊल बॉल उचलणारे चक्क पिकल्या केसांचे लोक होते. जायंट्सकडे हे काम पोरांऐवजी ज्येष्ठांना देण्याची पद्धत आहे, त्यांना 'बॉलड्यूड' म्हणतात. हे सांगितल्यावर बाबा पहिल्यांदा सरसावून बसले. एकाने चेंडू वाकून अलगद उचलला तेव्हा बाबांनी त्या दिवसातली सगळ्यात मोठी टाळी वाजवली.

फसलं ते भोंग्याने. जायंट्सच्या खेळाडूने होम रन मारला की इथे जहाजाचा धुक्यातला भोंगा वाजतो. मला ते माहीत नव्हतं. चेंडू भिंतीपलीकडे गेला, चाळीसेक हजार लोक उठून ओरडले आणि वरून तो भोंऽऽऽ. धाकटीने असा टाहो फोडला की भोंगा थांबला तरी हिचा थांबेना. कान झाकायचे हेडफोन मिळतात ते न्या. नसतील तर नवरा म्हणतो तसं, जायंट्सचा बॅटर चांगला असेल तेव्हा मुलीला फिरायला न्या.

मी तिला तेव्हाच फिरायला नेलं, आणि तिची खरी मॅच तिथून पुढे सुरू झाली. डाव्या बाजूच्या स्टँडच्या मागे मुलांसाठी जागा आहे. कोका-कोलाची ८० फुटी बाटली, तिच्यात घसरगुंड्या, शेजारी घराएवढा जुन्या धाटणीचा ग्लव्ह. तिथे ती पाऊण तास होती आणि तिच्याबरोबर मीही. पुढच्यांसाठी सल्ला : आईबापांनी आळीपाळीने जायचं आधीच ठरवा, म्हणजे नंतर "तू पाच इनिंग पाहिल्यास, मी दोन" हा हिशेब निघत नाही. आमच्याकडे निघाला.

थोरल्याला होड्या दिसल्या त्या परतीच्या वाटेवर. उजव्या भिंतीमागे मॅकोव्ही कोव्ह म्हणून खाडीचा तुकडा आहे. होम रन थेट पाण्यात पडला तर झेलायला लोक कयाकमध्ये जाळी घेऊन बसलेले असतात. जायंट्सच्या खेळाडूने मारला तरच तो अधिकृत 'स्प्लॅश हिट' धरतात, आणि त्यात बॅरी बॉन्ड्सचे एकट्याचे ३५. आमच्यादेखत एकही पडला नाही. थोरल्याची तक्रार नव्हती. दिवसभर होडीत बसून काहीच न करणं हे काम असू शकतं, याचाच त्याला अचंबा.

सामना किती वेळ चालेल याची धास्ती आता बाळगू नका. २०२३ पासून पिचरवर घड्याळ लागलं आहे, बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. आधी तीन तासांच्या वर जाणारा सामना त्या वर्षी सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आला. लहानग्यांना तेवढंही जास्तच. सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळं मैदान उभं राहून गातं, तेवढं बघा आणि निघा. त्याच सुमारास समुद्रपक्षीही सांडलेलं खायला घिरट्या घालू लागतात, डबे मिटा. निघण्याआधी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवरून 'पहिली मॅच'चं प्रमाणपत्र मागून घ्या, पैसे पडत नाहीत. काही रविवारी सामन्यानंतर मुलांना खऱ्या बेसवरून धावू देतात, हे आम्हाला तिथेच कळलं. आम्ही गेलो होतो शनिवारी. तारीख निवडताना एवढं बघाच.

आठव्या इनिंगला निघाल्यामुळे गाडीत बसायला जागा मिळाली, या वेळी संडासाच्या डब्यातच. थोरला रेडवुड सिटीच्या आधी झोपला. नवरा फोनवर स्कोअर बघत होता, जायंट्स हरले. बाबा ओढणी सोडून घडी घालत म्हणाले, "त्या स्टुलावर बसायला अर्ज कुठे करायचा असतो गं?" आणि धाकटी सनीव्हेलपर्यंत दर स्टेशनला खिडकीला नाक लावून भोंगा वाजवत होती.