एकविसाच्या वर खोली नको

गोव्यातल्या कार्मेल पंथाच्या एका ख्रिस्ती मठाचं काम आमच्याकडे आलं तेव्हा निरोप एवढाच होता: सिस्टर वाढल्यात, जागा पुरत नाही, दोन मजले चढवा. पैसे घालणारे गृहस्थ आखातात कमावून परतलेले, हात सैल. आराखडे घेऊन मी त्यांच्याबरोबरच गेलो.

हा बंदिस्त मठ, म्हणजे आतल्या सिस्टर सहसा बाहेर पडत नाहीत. इथल्या सिस्टर शाळा किंवा इस्पितळं चालवत नाहीत. प्रार्थना, बागकाम आणि मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, लागणाऱ्या पातळ पांढऱ्या चकत्या भाजणं, यात त्यांचा दिवस जातो. आपण बोलायचं ते जाळीच्या अलीकडून. आराखड्याचा मोठा कागद काही जाळीतून जाईना. मग गुंडाळी करून भिंतीतल्या फिरत्या कपाटात ठेवली. पिंपासारखं लाकडी, एकाच बाजूने उघडं; आपण वस्तू ठेवायची, पलीकडून सिस्टर ते फिरवतात, कुणी कुणाला दिसत नाही. आमचे दोन मजले करकरत आत गेले.

मठाच्या प्रमुख, मदर, सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी एकेका खोलीवर पेन्सिलीने टिंब द्यायला सुरुवात केली. एकविसावं टिंब दिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"इतलें पुरो."

आराखड्यात खोल्या होत्या छत्तीस. गृहस्थ म्हणाले, "मदर, पुढेमागे लागतीलच की. पैशांचा विचार तुम्ही करू नका."

"तीस-पस्तीस बायका एकत्र राहायला लागल्या की त्याचं हॉस्टेल होतं," मदर म्हणाल्या. "आमच्यात एकवीसच. त्यावर झाल्या की दुसरं घर."

ही शिस्त याच पंथातल्या संत तेरेजाची. 1562 मध्ये स्पेनमधल्या आविला गावात तिने पहिला छोटा मठ काढला आणि 1582 मध्ये वारली तोवर आणखी सोळा. एकच घर फुगवत नेलं नाही. मला हे मनापासून पटलं, आणि त्यामागे माझा स्वार्थही होता. मठाच्या जुन्या भिंती चिऱ्याच्या, सांधे मातीचे. त्यावर दोन मजले चढवायचे तर आतून काँक्रीटचा नवा सांगाडाच उभारावा लागला असता. शिवाय जुन्या गोव्यातलं सांता मोनिका डोळ्यांपुढे होतं. 1627 मध्ये पूर्ण झालेला, ऑगस्टिनियन या दुसऱ्या पंथाच्या सिस्टरांचा तो तीन मजली मठ. 1834 नंतर पोर्तुगीज सरकारने नव्या मुली घ्यायला बंदी केली आणि तो माणसांविना रिता होत गेला. तिथलं कारण वेगळं, पण एवढ्या भिंती सांभाळायच्या कुणी, हा प्रश्न तोच.

खोल्यांचं उरकल्यावर मदरनी खरं दुखणं काढलं. शेजारी चार मजली सोसायटी झाली होती, तिच्या बाल्कन्या थेट मठाच्या बागेवर. सिस्टर दिवसा बागेत फिरेनाशा झाल्या होत्या. कुंपणाची भिंत वाढवा, असं गृहस्थांनी लगेच सुचवलं. मी कागदावर छेद काढला: चौथ्या मजल्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यापासून भिंतीच्या माथ्यावरून बागेपर्यंत सरळ रेघ. भिंत दुप्पट केली तरी रेघ बागेच्या मधोमधच पडत होती. भिंतीने बाग झाकायची तर किल्ल्याचा तटच बांधावा लागला असता.

तेव्हा एकवीस खोल्यांच्या हिशेबाने खोल्यांची जी नवी ओळ काढायची होती, तीच सोसायटीच्या बाजूला, बैठी ठेवली. मंगलोरी कौलांचं छप्पर उंच, ओसरी आतल्या चौकाकडे. फिरायची वाट त्या ओसरीतून, म्हणजे पावसाळ्यातही बंद पडायची नाही. नवशिक्या सिस्टरांची जागा वेगळी लागते, ती ओळीच्या टोकाला. उरलेल्या बागेवर वेलींचा मांडव. जुन्या घराचे वाळवीने पोखरलेले वासे तेवढे बदलायचे, बाकी हात लावायचा नाही.

मोजमापासाठी आत जाताना एक सिस्टर पुढे घंटा वाजवत चालली, बाकीच्यांनी बाजूला व्हावं म्हणून. मेस्त्री तिच्यामागून टेप धरून इतका अदबीने चालला की दोन मापं पुन्हा घ्यावी लागली.

निघताना गृहस्थ जरा हिरमुसले होते. दोन मजल्यांचे पैसे तर काढून ठेवलेले.

"मग ती दुसऱ्या घराची जागा आत्ताच बघून ठेवू?"

"बिशपांचं पत्र लागतं, रोमची परवानगी लागते," जाळीमागून मदर म्हणाल्या. "आणि आम्ही अजून सतराच आहोत. आधी वासे बदला, पाऊस जवळ आला."